ओझं देवावर टाकलं, मग ते माणसांना का सांगायचं?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नवऱ्याला पक्षाघात होऊन चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं, समजतं मात्र सगळं. नोकरी, घर, औषधं, दोन मुलांच्या शाळा, सगळं यांच्या एकटीवर. रविवारी उपासनेनंतर कुणी विचारलं की ‘प्रभूच्या कृपेनं बरं चाललंय’ म्हणायचं आणि घरी येऊन नळ सोडून रडायचं. एकदा एका बहिणीजवळ मन मोकळं केलं, तर तेच पुढच्या प्रार्थनासभेत सगळ्यांसमोर प्रार्थनेचा विषय म्हणून आलं. ‘आपला भार परमेश्वरावर टाक’ हे वचन लहानपणापासून पाठ आहे, तरी माणसांची मदत हवीशी वाटते. म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का, असं त्या विचारतात. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: ‘कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये.’

ताई, मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. मी आधी परिचारिका होते, आणि गेली सव्वीस वर्षं मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, घरोघर भेटी देण्याचं काम करते. माणूस खरी गोष्ट बहुतेक वेळा उंबऱ्यावर, निघता निघता सांगतो, हे दोन्ही कामांत शिकले. म्हणून सरळ विचारते. ‘सकाळ होऊ नये’ म्हणजे हे सगळं थोडा वेळ थांबावं असं वाटतं, की जीव संपवावा असं? दुसरं असेल, कसं आणि कधी असे विचार येत असतील, तर पुढचं वाचायचं थांबवा. आजच कुणा एका माणसाला हेच शब्द सांगा आणि डॉक्टरांना गाठा. घरात औषधांचा साठा असतो, तो काही दिवस दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या. यात विश्वासाची हार नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. खायला भाकर आणि प्यायला पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. देवाशी त्याचं बोलणं झालं ते त्यानंतर, बऱ्याच दिवसांनी.

पहिलं असेल, म्हणजे नुसता थकवा बोलत असेल, तरी डॉक्टरांना एकदा भेटाच. चौदा महिने सलग झोप न झालेलं शरीर आणि नैराश्य यांतला फरक स्वतःचा स्वतःला कळत नाही.

आता विश्वासाचा प्रश्न. तुम्ही म्हणता ते वचन बायबलमधल्या पंचावन्नाव्या स्तोत्रात आहे. पण ते स्तोत्र अख्खं वाचा. ते लिहिणाऱ्याला जवळच्या मित्रानं दगा दिला आहे, कबुतरासारखे पंख असते तर उडून गेलो असतो असं तो म्हणतो. म्हणजे भार टाकणारा माणूस आधी तो भार शब्दांत मांडतो, तोही इतक्या उघडपणे की ते गाणं पुढे सगळ्यांनी मिळून म्हटलं. स्तोत्रसंहितेतली जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं अशी रडगाणीच आहेत. (हा शब्द मी आदरानं वापरते. आपल्याकडे तो उगाच बदनाम झाला आहे.)

आणि इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर नेणाऱ्या मोशेचं पाहा. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात तो देवाला विचारतो, या सगळ्या लोकांना मी उदरात वाहिलं होतं का? दाई तान्ह्या बाळाला वाहते तसं मी एकट्यानं यांना कसं वाहू? पुढे म्हणतो, असंच चालणार असेल तर मला मारून टाक. तुमच्या शेवटच्या ओळीपासून हे किती दूर आहे? देवानं यावर ‘माझ्यावर भरवसा ठेव’ एवढंच म्हणून त्याला परत पाठवलं नाही. सत्तर वडीलजन गोळा कर, ते तुझ्याबरोबर लोकांचा भार वाहतील, तुला एकट्याला वाहावा लागणार नाही, असं सांगितलं. मोशेनं भार देवावर टाकला आणि देवानं तो सत्तर माणसांच्या खांद्यांवर ठेवला. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो. देवावर टाकणं आणि माणसांत वाटणं हे एकाच कामाचे दोन टप्पे असू शकतात, हे तिच्यात दिसतं.

‘झेपेल तेवढंच ओझं देव देतो’ हे तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवलं असेलच. ते पवित्र शास्त्रात नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात दहाव्या अध्यायात जे आहे ते मोहाबद्दल आहे, दुखण्याबद्दल किंवा संकटाबद्दल नाही. त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच प्रेषित पौल लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की जगण्याची आशाही उरली नाही. शक्तीपलीकडचा, हे खुद्द पौलाचे शब्द. आणि हे त्यानं सगळ्या मंडळीला लिहिलं, तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करून साहाय्य करा म्हणून सांगितलं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी हे वाक्य फेकलं तर तुम्ही वाद घालू नका, पण मनाला लावूनही घेऊ नका.

यापुढचा भाग थोडा लांबतो, कारण माझ्या अनुभवात गाडी इथेच अडते.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनात पौल म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. आणि तीनच वचनं पुढे म्हणतो, प्रत्येकानं आपापला भार वाहायचा आहे. मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला ‘बारोस’, दाबून टाकणारं वजन. ‘आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला’ या वाक्यातही पौलानं त्याच शब्दाचं क्रियापद वापरलं आहे. दुसरा ‘फोर्तिओन’, ज्याच्या त्याच्या वाट्याचं वाहायचं सामान. ‘माझं ओझं हलकं आहे’ असं येशू म्हणतो तिथे हाच शब्द आहे. प्रवचनांत या दोन शब्दांमध्ये पक्की भिंत उभी करतात, तेवढी ती पक्की नाही. नियमशास्त्र काटेकोर पाळणारे परूशी इतरांच्या खांद्यांवर जड ओझी लादतात असं येशू म्हणतो, तिथेही ‘फोर्तिओन’च आहे. पण कामापुरता फरक खरा आहे, आणि तो तुमच्या घरात कागदावर मांडता येतो.

एक वही घ्या आणि एका आठवड्यात तुम्ही काय काय करता ते लिहून काढा. ‘नवऱ्याची सेवा’ असं लिहू नका. सकाळी कूस बदलणं, पाठ पुसणं, औषधाच्या वेळा, व्यायाम, अंघोळ, दाढी, तपासणीला नेणं, औषधं आणणं, धाकट्याचा अभ्यास, बँकेचं काम, रात्रीचं उठणं, असं सुटं सुटं लिहा. बहुतेक घरांत ही यादी तीस-चाळीस ओळींची होते. मग प्रत्येक ओळीसमोर विचारा, हे माझ्याशिवाय कुणी करूच शकत नाही का? नवऱ्याच्या शेजारी बसून त्याच्याशी बोलणं, मुलांना कवेत घेणं, मोठे निर्णय, देवाशी स्वतःचं भांडण, हे तुमचं सामान आहे. ते कुणी उचलू नये, आणि कुणी उचलायला आलं तरी देऊ नये. पण औषधाच्या दुकानात जाणं हा काही तुमचा क्रूस नव्हे.

ही यादी का, तर ‘काही लागलं तर सांगा’ या वाक्यातून कुणाचंच काही होत नाही म्हणून. म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला काय करावं ते कळत नाही, आणि ऐकणाऱ्याला काय मागावं ते सुचत नाही. अख्खं दुःख कुणालाच उचलता येत नाही, पण गुरुवारचे दोन तास कुणालाही उचलता येतात.

याचा एक जुना किस्सा मी नव्या सेवकांना नेहमी सांगते. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर सभागृहाचं कर्ज होतं. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरत होतं. कुणी म्हणालं, बरेचजण इतके गरीब आहेत की तेवढंही जमायचं नाही. तेव्हा कॅप्टन फॉय नावाचे गृहस्थ म्हणाले, सगळ्यांत गरीब अकराजण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, त्यांना जमलं तर ठीक, नाही तर त्यांचे मी भरीन. इतरांनीही तसंच अकरा-अकराजण वाटून घेतले. पेनी गोळा करायला ही माणसं दर आठवड्याला दारात जाऊ लागली आणि कुणाच्या घरात काय चाललं आहे ते प्रथमच कळू लागलं. वेस्लींच्या लक्षात आलं की आपण कितीतरी दिवस जे शोधत होतो ते हेच. यातूनच बाराएक माणसांचे साप्ताहिक गट उभे राहिले आणि वेस्लींच्या मेथडिस्ट चळवळीचा कणा झाले. कर्जफेडीसाठी काढलेली युक्ती होती ती! माणसं बोलली, कारण कुणीतरी ठरलेल्या दिवशी, छोट्या कामासाठी, पुन्हा पुन्हा येत होतं. उपासनेनंतर दारात ‘कशा आहात?’ विचारल्यावर कोण खरं सांगणार? मागे रांग लागलेली असते.

म्हणून मला मंडळीतली सहा माणसं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामाला हवी असतात. साठ माणसांची हळहळ मला नको. आपल्या भाषेत चार खांदे म्हटलं की शेवटचा प्रवासच आठवतो. मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातल्या चौघांनी मात्र जिवंत माणसाला बाजेसकट उचललं, आणि त्यालाही पक्षाघातच होता. दारात गर्दी होती म्हणून छप्पर उघडून त्यांनी त्याला खाली सोडलं. एकानं सगळी बाज उचलली नाही आणि चौघांपैकी कुणी त्याला बरंही केलं नाही. प्रत्येकानं एक कोपरा धरला. येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. त्या दिवशी त्या बाजेवरच्या माणसात स्वतःचा विश्वास किती शिल्लक होता, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता प्रार्थनासभेत जे झालं त्याबद्दल. ते चुकीचं होतं. त्या बहिणीचा हेतू चांगला असेल, तरी ते चुकीचंच होतं. हे मी ठासून सांगू शकते, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. सेवेच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका घरातली गोष्ट मी ‘नाव न घेता’ प्रार्थनेत मांडली. नाव न घेतल्यानं काही लपलं नाही, ऐकणाऱ्या सगळ्यांनी ओळखलं. ती बाई पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: प्रार्थनेत काय सांगायचं ते वाक्य ज्याचं दुःख त्यानंच द्यायचं, शब्दशः. ‘ताईंना रात्रीची झोप मिळावी म्हणून प्रार्थना करा’ एवढंच तुम्ही दिलंत तर तेवढंच बोललं जाईल. कारण विचारलं तरी सांगणारीनं ‘मला एवढंच सांगायला सांगितलंय’ म्हणायचं. पाळकांनाही हे लागू आहे, त्यांच्या घरच्यांनाही. आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर तब्येतीचे फोटो नकोत, कितीही भक्तिभावानं टाकलेले असले तरी.

एक दगा बसला म्हणून दार कायमचं लावून घेऊ नका, इतकंच म्हणेन. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं पेत्राला आणि जब्दीच्या दोन मुलांना सोबत नेलं, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा, असं सांगितलं. ते झोपले. तो पुन्हा त्यांच्याकडे आला, तिसऱ्यांदाही आला. देवाचा पुत्र त्या रात्री पित्याशी बोलत होता, आणि तरीही त्याला माणसं जवळ हवी होती. तुमच्या मूळ प्रश्नाला माझं याहून सरळ उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला दिसते. त्यांना सगळं समजतं असं तुम्ही लिहिता. मग कुणाला काय सांगायचं, घरात कोण येणार, हे त्यांनाही विचारा. अडखळत का होईना, हो-नाही सांगू द्या. अंघोळ, कपडे यांसाठी मंडळीतलं माणूस नको असेल तर ते बरोबरच आहे, त्यासाठी शक्य तर शिकलेला मदतनीस बघा. पण एखादा बांधव आठवड्यातून दोनदा येऊन दाढी करून देईल, शेजारी बसून बातम्या वाचेल, तर त्यांनाही बायकोशिवाय दुसरा चेहरा दिसेल. पाठीवर, माकडहाडाशी, टाचांना त्वचा लाल होऊन तशीच राहत असेल तर मात्र ते मंडळीचं काम नाही, लगेच डॉक्टरांना दाखवा. (परिचारिकेची सवय जात नाही.)

भेटीला येणाऱ्यांना मी काय शिकवते तेही सांगते, म्हणजे तुम्हाला हक्कानं मागता येईल. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोपर्यंत त्यांचं सगळं ठीक होतं. आठव्या दिवसापासून ते त्याला कारणं समजावू लागले आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ओढवून बसले. तेव्हा या, बसा, ठरलेलं काम करा, विचारल्याशिवाय वचन ऐकवू नका, आणि सांगितलेल्या वेळेला निघा. 1953 साली लंडनमध्ये चॅड व्हारा या पाळकांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. लोक त्यांना भेटायला येत आणि थांबले असताना बाहेरच्या खोलीतल्या साध्या स्वयंसेवकांशी बोलत. अनेकांना तेवढ्यानंच इतकं हलकं वाटे की आत जायची गरज उरत नसे. पुढे व्हारांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांवरच सोपवलं. कान द्यायला पदवी लागत नाही.

पैशाची अडचण असेल तर ती एका मैत्रिणीकडे उसनवारीनं सोडवू नका. उसन्या पैशानं प्रार्थनेतली सोबत तुटलेली मी पाहिली आहे. मंडळीच्या मदतनिधीबद्दल पाळक आणि एक वडीलजन, अशा दोघांशी एकदम बोला. दुसऱ्या शतकापासून ख्रिस्ती मंडळ्यांत असा निधी असे. अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले लोक यांच्यासाठी तो जमा होई, असं त्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहून गेले आहेत. ते भीक मागणं नव्हतं आणि आजही नाही. इतकी वर्षं दानपेटीत तुम्हीही टाकलंच असेल.

संकोच जाणार नाही, तो असू द्या. गलतीकरांसच्या त्या दोन वचनांच्या मध्ये एक वाक्य आहे: आपण काही नसताना काहीतरी आहोत असं कुणी मानलं तर तो स्वतःला फसवतो. हे नेहमी मदत करणाऱ्यांना ऐकवतात, गर्व करू नका म्हणून. मी ते मदत नाकारणाऱ्यांनाही वाचून दाखवते. ‘माझं मी बघेन’ हाही एक गर्वच आहे, फक्त त्याचे डोळे सुजलेले असतात.

मग या आठवड्यात नेमकं काय? यादीतली तीनच कामं निवडा. मंडळीतली एकच बाई निवडा, शक्यतो कमी बोलणारी, जिनं स्वतः कुणाचं दुखणं काढलं आहे. ‘कसं चाललंय’ या विषयात शिरू नका. हा मजकूर पाठवा, हवा तर बदलून:

‘मला पुढचे सहा आठवडे मदत हवी आहे. दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात तुम्ही आमच्याकडे बसाल का? मला त्या वेळात झोपायचं आहे. जमणार नसेल तर मोकळेपणानं नाही म्हणा, मला राग येणार नाही. आणि हे कृपया आपल्या दोघींतच ठेवा.’

सहा आठवडे लिहायला विसरू नका. मुदत नसलेल्या मदतीला माणसं घाबरतात. मुदत असली की बहुतेकजणी सातव्या आठवड्यालाही येतात. ती नाही म्हणाली तर तोच मजकूर दुसरीला पाठवा. आणि पहिल्या गुरुवारी ती आली की तिच्यासाठी घर आवरत बसू नका, सरळ जाऊन झोपा.